आतड्याचा तुकडा काढावा की इंजेक्शनं घ्यावीत? एका मोठ्या भावाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका मोठ्या भावानं लिहिलंय. धाकटा भाऊ २६ वर्षांचा. तीन वर्षांपासून बेंबीच्या खाली, उजव्या बाजूला दुखतं. जेवलं की पोट फुगतं, गुडगुडतं, उलटी झाली की बरं वाटतं. आधी नऊ महिने टीबीची औषधं झाली, फरक पडला नाही. मग नागपूरला दुर्बीण तपासणी आणि सिटी स्कॅन होऊन क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणि अल्सर आणणारा जुनाट आजार, निघाला. लहान आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटिमीटर भाग जाड झालाय, त्यात एक जागा अरुंद आहे आणि तिच्या मागचं आतडं फुगलंय. आठ महिन्यांपासून स्टेरॉइड कमी-जास्त करत चालूच आहे, चार महिन्यांपासून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी अ‍ॅझाथायोप्रिन. वजन ६२ वरून ४७ वर आलं. एक डॉक्टर म्हणतात महागडी इंजेक्शनं सुरू करा, दुसरे म्हणतात ऑपरेशन करून टाका. घरात म्हातारी माणसं म्हणतात, "एकदा पोट चिरलं की माणूस कामातून जाते." आणि शेवटी भावाचा प्रश्न: "ऑपरेशन केल्यावर आजार मुळापासून जाईल काय जी?"

सरळ उत्तर आधी देतो. मुळापासून जाणार नाही. क्रोन्स ऑपरेशननं मुळापासून जात नाही, इंजेक्शननंही जात नाही. तरीही तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं असेल, तर माझा कल ऑपरेशनकडे आहे. फक्त ते या महिन्यात नको. मी विदर्भातच, जिल्ह्याच्या ठिकाणी, वीसेक वर्षं पोटाची ऑपरेशनं करतोय, तेव्हा माझा हात चाकूकडे जरा लवकर वळतो हे धरूनच पुढचं वाचा. शिवाय तुमच्या भावाचं पोट मी हातानं तपासलेलं नाही, सिटीची फिल्म पाहिलेली नाही. ती पाहून माझं मत उलटंही होऊ शकतं. कशामुळे, तेही सांगतो.

दोन डॉक्टरांची दोन मतं म्हणजे कोणीतरी एक चुकतोय, असं तुम्हाला वाटतंय. बहुधा तसं नाही. एक डॉक्टर आजाराकडे बघतोय, दुसरा अडथळ्याकडे. तुमच्या भावाला दोन्ही आहेत, म्हणून गोंधळ.

त्याआधी एक जुनी शंका मिटवू. हा क्रोन्सच आहे ना? लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथं मिळतं, त्याच कोपऱ्यात आपल्याकडचा टीबी बसतो आणि त्याच कोपऱ्यात क्रोन्सही. दोन्हीत पोट दुखतं, ताप येतो, वजन उतरतं, दुर्बिणीत अल्सर दिसतात. टीबीचे अल्सर बहुधा आतड्याच्या गोलाईनं आडवे असतात, क्रोन्सचे लांबट उभे. क्रोन्स मधला चांगला भाग सोडून पुढं पुन्हा उगवतो, आणि गुदद्वाराजवळ भगंदर असेल तर संशय क्रोन्सकडे जास्त जातो. पण हे सगळं 'बहुधा'. त्यामुळे आधी टीबीची औषधं देऊन बघितली यात तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही. चुकतं ते पुढं. औषध सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून अल्सर भरताहेत का ते बघायला हवं, आणि भरत नसतील तर निदानाचाच फेरविचार करायला हवा. आतड्याच्या टीबीला सहसा सहा महिने पुरतात. "अजून तीन महिने बघू" म्हणत काढलेले महिने क्रोन्सच्या पेशंटला महाग पडतात, कारण तेवढ्या काळात सूज मुरते आणि तिथं कडक वण तयार होतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला मी टीबीचा दुसरा कोर्स लावला. पुन्हा दुर्बीण करायला तिच्या वडिलांकडे पैसे नव्हते आणि मीही रेटा लावला नाही. वर्षभरानं पोट उघडलं तेव्हा आतडं तीन जागी आवळलेलं होतं.

याची दुसरी बाजूही आहे. टीबी पूर्ण बरा झाला तरी भरलेल्या जखमेच्या वणानं आतडं आवळलेलं राहू शकतं. म्हणजे 'औषधं घेऊनही दुखणं थांबलं नाही' एवढ्यावरून टीबी नव्हताच असं ठरत नाही. टीबीच्या औषधांनंतरच्या दुर्बिणीत ताजे अल्सर होते का, हे रिपोर्टमध्ये शोधा आणि नसेल लिहिलं तर विचारा. ऑपरेशन झालं तर काढलेला अख्खा तुकडा तपासायला जातो. बायोप्सीच्या तांदळाच्या कणीएवढ्या तुकड्यापेक्षा तो खूप जास्त सांगतो. आणि हो, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. विदर्भात आम्ही ती सवयीनं करतो. पोटदुखीचं सोंग सिकलसेलही घेतो, आणि तो माहीत नसताना भूल देणं म्हणजे अंधारात गाडी हाकणं.

आता मुद्द्याचं. आतडं अरुंद झालंय ते सुजेनं की वणानं?

घरी ठिबक असेल तर हे लगेच कळेल. नळीत क्षार साचले की आपण अ‍ॅसिड सोडतो, नळी मोकळी होते. पण नळीच कुठं चेपली असेल तर कितीही अ‍ॅसिड सोडा, उपयोग नाही. तेवढा तुकडा कापून जॉइनर टाकावा लागतो. सुजेनं अरुंद झालेलं आतडं औषधानं मोकळं होतं. वणानं आवळलेलं आतडं कोणत्याही गोळीनं किंवा इंजेक्शननं सैल होत नाही. अडचण एवढीच की खऱ्या आतड्यात सूज आणि वण बहुतेक वेळा एकत्रच असतात, आणि सिटीवरून किंवा एमआरआयवरून त्यांचा नेमका हिशोब मांडता येत नाही.

म्हणून आम्ही खुणा जुळवतो. अरुंद जागेच्या मागचं आतडं तीन सेंटिमीटरच्या वर फुगलेलं असेल, तर अडथळा जुना आणि पक्का. जेवल्यावर तासा-दीड तासानं कळ येते, पोटात काहीतरी सरकल्यासारखं गुडगुडतं, उलटीनं आराम पडतो, ही अडथळ्याची पोटदुखी. सुजेची पोटदुखी अशी जेवणाच्या वेळापत्रकानं चालत नाही. स्टेरॉइडनं पहिले काही आठवडे बरं वाटून पुन्हा तेच सुरू झालं, हीही वणाकडे बोट दाखवणारी खूण. उलट रक्तातला सीआरपी आणि शौचातला कॅलप्रोटेक्टिन, हे सूज दाखवणारे दोन आकडे, बरेच वाढलेले असतील, मागचं आतडं थोडंसंच फुगलेलं असेल, तर अजून सूज बरीच शिल्लक आहे, आणि तिथं मी स्वतः म्हणेन की आधी इंजेक्शन देऊन बघा. माझं मत फिरवणारी गोष्ट ती हीच. तुम्ही कॅलप्रोटेक्टिनचा आकडा लिहिलेला नाही. तो आणि 'मागचं आतडं नेमकं किती सेंटिमीटर' हा आकडा, एवढे दोन मिळवा.

औषधांबद्दल थोडं. स्टेरॉइड आग विझवायला आहे. दोन-तीन महिन्यांत ते उतरवून बंद व्हायला हवं. आठ महिने चालू आहे याचा अर्थच असा की स्टेरॉइडच्या जोडीला दिलेलं कायमचं औषध पुरेसं पडत नाहीये. पण एक हात जोडून सांगतो, ते स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. इतक्या महिन्यांनंतर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, अचानक सोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. अ‍ॅझाथायोप्रिनला परिणाम दाखवायला दोन-तीन महिने लागतात, ते झालेत. आपल्या लोकांत काहींना ते अजिबात मानवत नाही, पांढऱ्या पेशी एकदम उतरतात, केस झडतात. त्यावर असताना ठरावीक दिवसांनी रक्त तपासत राहावंच लागतं.

मग ती महागडी इंजेक्शनं, ज्यांना बायोलॉजिक म्हणतात. सुरुवात बहुधा इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबनं होते. औषध चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. सुजेवर ते स्टेरॉइडपेक्षा खूप खोल काम करतं. भारतात त्याच्या इथंच बनलेल्या आवृत्त्या मिळतात आणि त्यामुळे किंमत पूर्वीपेक्षा उतरली आहे, तरी वर्षाचा खर्च लाखाच्या पुढं सहज जातो. इन्फ्लिक्सिमॅब सलाईनमधून दवाखान्यात द्यावं लागतं, पहिल्या दिवशी, त्या दिवसापासून दोन आणि सहा आठवड्यांनी, आणि नंतर दर आठ आठवड्यांनी. किलोमागे ५ मिलिग्रॅम धरलं तर ४७ किलोच्या माणसाला २३५ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या तीन कुप्या फोडाव्या लागतात. अडालिमुमॅब पोटाच्या कातडीखाली घरीच टोचता येतं, सुरुवातीच्या मोठ्या डोसनंतर दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम.

हे कागदावर सोपं दिसतं. खेड्यात काय होतं ते सांगतो. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बाहेर पंचेचाळीस अंश, त्यात लाइट जाणं रोजचं. माझ्या ओळखीच्या एका पेशंटच्या घरी फ्रीज नव्हता, म्हणून त्यानं इंजेक्शनची पेनं गावातल्या किराणा दुकानाच्या कोल्ड्रिंकच्या फ्रीजमध्ये ठेवली. दुकानदार भला माणूस, वरच्या फळीवर जागा करून दिली. पण ती पेनं मागच्या बर्फाच्या भिंतीला टेकून गोठत होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. गोठलेलं औषध वितळलं तरी फेकायचंच असतं. दोन महिने तो माणूस न चुकता टोचून घेत होता, आम्ही 'औषध लागू पडत नाही' म्हणून डोकं खाजवत होतो. शेवटी त्याच्या बायकोनं सहज सांगितलं, "कधी कधी पेन आतून कडक असते जी, मंग ऊनात ठेवतो थोडा वेळ."

दुसरी गोष्ट खंड. पैसे आले की घेतलं, नाही आले की राहिलं, असं इन्फ्लिक्सिमॅबचं केलं तर शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं, मग पुन्हा सुरू केल्यावर ते चालत नाही किंवा सलाईन चालू असतानाच थंडी वाजून दम लागतो. सोयाबीन विकलं की पुढचा डोस, असा हिशोब या औषधात बसत नाही. तिसरी गोष्ट आपल्या भागात सर्वांत मोठी. ही औषधं शरीरात झोपलेला टीबी जागा करतात. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबीची तपासणी व्हायलाच हवी, आणि भावाचा नऊ महिन्यांचा टीबीचा इतिहास इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला माहीत असायला हवा. हिपॅटायटिस बीचीही तपासणी त्यात येते.

ऑपरेशन विरुद्ध इंजेक्शन अशी थेट तुलना झालेली आहे. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये १४३ पेशंटवर. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाचाच क्रोन्स, ४० सेंटिमीटरपेक्षा कमी, साध्या औषधांना न जुमानणारा. अर्ध्यांना लॅप्रोस्कोपीनं तेवढा भाग काढून टाकला, अर्ध्यांना इन्फ्लिक्सिमॅब. २०१७ मध्ये आलेल्या निकालात वर्षभरानंतरचं दोन्ही गटांचं जगणं सारखंच चांगलं होतं. २०२० मध्ये पाचेक वर्षांनंतरचा हिशोब आला. इंजेक्शनच्या गटातल्या ६५ पैकी ३१ जणांचं शेवटी ऑपरेशन झालंच होतं. ऑपरेशनच्या गटातल्या ६९ पैकी १८ जणांना नंतर तसलं इंजेक्शन लागलं, पण दुसऱ्यांदा आतडं कोणाचंच काढावं लागलं नाही. याचा अर्थ ऑपरेशन हे शेवटचं हत्यार मानून सगळं हरल्यावरच उपसायचं, ही जुनी समजूत या जागेच्या क्रोन्सला लागू नाही. आणि त्या अभ्यासात मागचं आतडं फुगलेले पेशंट घेतलेच नव्हते. तुमच्या भावाला फुगलेलं आहे. म्हणजे त्याचं पारडं त्या लोकांपेक्षाही ऑपरेशनकडे जास्त झुकलेलं.

इंजेक्शनच आधी, असं मी कोणाला सांगतो? आजार लांबच लांब किंवा पाच-सहा ठिकाणी पसरलेला असेल, आधीच एक-दोनदा आतडं काढून झालं असेल, किंवा अडथळा नसून नुसती सूज असेल, तर. अरुंद जागा पाच सेंटिमीटरपेक्षा छोटी असून दुर्बीण तिथवर पोचत असेल, तर फुग्यानं ती रुंद करून बघण्याचाही पर्याय असतो. गुदद्वाराजवळ भगंदर असेल तर इंजेक्शन आणि पू वाहता ठेवणारा दोरा दोन्ही लागतात. आणि अशा भगंदरावर 'मूळव्याध-भगंदर हमखास इलाज'च्या पाटीखाली कोणाकडून कापून घेऊ नका. ती जखम भरत नाही, मल धरून ठेवणारा स्नायू मात्र जातो.

इथवरचं एकदा गोळा करतो. आजार एका जागी, १५ सेंटिमीटर. मागचं आतडं फुगलेलं. अडथळ्याची लक्षणं. आठ महिने स्टेरॉइड सुटत नाही. दर पंधरा दिवसांचं थंड औषध खेड्यात सांभाळणं अवघड. हे सगळं एका बाजूला पडतं. दुसऱ्या बाजूला एकच मोठी गोष्ट: १५ किलो उतरलेला, स्टेरॉइडवरचा माणूस आज ऑपरेशनला योग्य नाही.

आता ऑपरेशन म्हणजे नक्की काय, कारण 'पोट चिरणं' या शब्दानंच घर घाबरलंय. लहान आतडं साधारण सहा मीटर असतं. त्यातला शेवटचा वीस-पंचवीस सेंटिमीटर आणि मोठ्या आतड्याची सुरुवात काढून दोन टोकं जोडायची. शक्य असेल तिथं लॅप्रोस्कोपीनं, म्हणजे तीन-चार छोटी भोकं आणि तुकडा बाहेर काढायला बेंबीजवळ एक छोटा चिरा. "सगळं रोगट एकदाच काढून टाका साहेब" असं नातेवाईक म्हणतात. तसं करायचं नसतं. डोळ्यांना रोगट दिसतं त्याच्या पुढं दोनेक सेंटिमीटर पुरतात, जास्त काढून आजार उशिरा परततो असं दिसलेलं नाही. आतडं ही जमीन आहे, विकलेला तुकडा परत मिळत नाही. म्हणूनच अनेक जागी अरुंद असेल तर आम्ही काढत नाही, उभं चिरून आडवं शिवतो, तेवढ्यानं वाट रुंद होते. ही युक्ती भारतीय सर्जननी टीबीनं आवळलेल्या आतड्यांसाठी वापरून १९७७ मध्ये छापली, आणि मग १९८२ च्या सुमारास इंग्लंडात ती क्रोन्ससाठी उचलली गेली. आपल्या टीबीनं जगाला दिलेली ही बहुधा एकमेव चांगली गोष्ट.

खरा धोका एक, जोड गळण्याचा. तो प्रत्येकाला सारखा नसतो. उपाशी शरीर, रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, पोटात पू, आणि आठवडेच्या आठवडे रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की मी जोड करतच नाही, आतड्याचं टोक पोटावर काढून तिथं शौचासाठी बॅग लावतो आणि काही महिन्यांनी परत जोडतो. ठरवून, तयारीनं केलेल्या ऑपरेशनात बॅगची वेळ क्वचित येते. रात्री दोन वाजता करावं लागलं तर बरेचदा येते. मे महिन्यात बॅग सांभाळणं काय असतं ते ज्यानं पाहिलंय त्याला विचारा. घामानं चिकटपट्टी सुटते, आजूबाजूची कातडी सोलते, आणि तालुक्याला ती बॅग दुकानात मिळतेच असं नाही.

'कामातून जाते' याला माझं उत्तर असं. दवाखान्यात साधारण आठवडा, हलकं काम दोन-तीन आठवड्यांत, पोतं उचलणं आणि फवारणीचा पंप पाठीवर घेणं सहा आठवडे बंद. पुढं शेती करता येते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना क्रोन्सच होता. १९५६ च्या जूनमध्ये आतडं अडून त्यांचं ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते निवडणूक जिंकून पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. तेही त्या काळात, जेव्हा आजची यातली एकही चांगली औषधं नव्हती. दोन गोष्टी मात्र बदलू शकतात. काढलेल्या भागातूनच बी-१२ शरीरात जातं, त्यामुळे त्याची पातळी बघत राहायची आणि लागलं तर बी-१२चं इंजेक्शन कायमचं. आणि काहींना पातळ शौचाला जास्त वेळा जावं लागतं, त्याला औषध असतं.

म्हणून आधी दीड-दोन महिने तयारी. स्टेरॉइड डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे जितकं उतरेल तितकं उतरवायचं. हिमोग्लोबिन वाढवायचं. पोटात पू असेल तर तो आधी सोनोग्राफीच्या मदतीनं सुईनं काढायचा. आणि खाणं. परवडत असेल तर दवाखान्यात मिळणारी पूर्ण आहाराची पावडर काही आठवडे फक्त तीच, तिनं सूजही उतरते. नसेल परवडत तर घरचंच, पण मऊ आणि चोथा नसलेलं: गुरगुट्या भात, मुगाचं वरण, दही, अंडी, पनीर, गाळलेली ज्वारीची आंबील. दिवसातून दोनदा ताट भरून नको, सहा वेळा वाटीभर.

काय खायचं नाही हे जास्त महत्त्वाचं, आणि आपल्याकडे हिवाळ्यात तेच सगळीकडे असतं. हुरडा, मक्याचं कणीस, बोरं, तुरीच्या उकडलेल्या शेंगा, अंबाडीची भाजी, कच्चा मुळा. आणि संत्री. वरुडकडचा एक पस्तिशीचा बागायतदार जानेवारीच्या रात्री माझ्याकडे आला, पोट नगाऱ्यासारखं, हिरव्या उलट्या. ऑपरेशनचं त्याला सहा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, तो मृगाच्या बहाराचा तोडा होऊ द्या म्हणाला होता. काय खाल्लं विचारलं तर म्हणतो, "संत्री खाल्ली साहेब, आपल्याच बागेतली. दहा-बारा असतीन. मले वाटलं रसानं पोट साफ होईन." पोट उघडलं तर अरुंद जागेच्या तोंडाशी फोडींच्या सालपटांचा लिंबाएवढा गोळा बसलेला, बुचासारखा. त्याला तीन महिने बॅगेवर राहावं लागलं. भावाला संत्र्याचा रस गाळून द्या. फोड देऊ नका.

हंगामाची अडचण मला कळते. वेचणी चालू असताना घरातला एक माणूस पेशंट आणि दुसरा त्याच्याजवळ, हे परवडत नाही. दीड-दोन महिन्यांची तयारी तशीही करायचीच आहे, तेव्हा तारीख हंगाम बघून धरा, माझी हरकत नाही. पण थांबायला एक मर्यादा आहे. उलट्या थांबत नाहीत, गॅस सरत नाही, ताप चढला किंवा पोट लाकडासारखं कडक झालं, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा. त्या वेळी गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची किंवा डेक्सा या स्टेरॉइडची सुई मारून घेऊन पडून राहू नका. पहिली क्रोन्सला भडकवू शकते, दुसरी पोटात काय चाललंय तेच झाकून टाकते.

खर्चाचं बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकरी कुटुंबांनाही ती फार आधीपासून लागू आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. योजना पॅकेजवर चालते, म्हणून एकदाच होणारं ऑपरेशन त्या चौकटीत बसतं आणि वर्षानुवर्षं चालणारं इंजेक्शन अवघड जातं. दवाखान्यात या योजनेचा माणूस बसतो, त्या आरोग्यमित्राला आधी भेटा, कार्ड आणि सातबारा घेऊन. ऑपरेशन जिथं पोटविकारतज्ज्ञ आणि सर्जन एकाच छताखाली बसतात तिथंच करा. नागपूरचं सुपर स्पेशालिटी, एम्स, वर्ध्याकडे सेवाग्राम, ही नावं तुमच्या पल्ल्यात आहेत. दोन्ही डॉक्टरांना एकाच दिवशी, एकमेकांसमोर विचारता आलं तर निम्मं भांडण तिथंच मिटतं.

आणि ऑपरेशन झाल्यावरचं. क्रोन्स बहुधा जोडाच्या वरच्या बाजूलाच परत येतो. कुठलंच औषध न घेता राहिलं तर वर्षभरात बहुतेकांच्या जोडावर दुर्बिणीत अल्सर दिसू लागतात, आणि त्रास जाणवायला त्यानंतर कितीतरी महिने जातात. मधल्या काळात माणसाला वाटतं आपण बरे झालो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात तो लवकर येतो, हे पक्कं माहीत आहे. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दल तसा पुरावा नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो, पण खर्रा खाऊन तोंड उघडेनासं झालेली पोरं मी रोज बघतो, तेव्हा त्याची बाजू माझ्याकडून मागू नका. अ‍ॅझाथायोप्रिन पुढं चालू ठेवायचं की इंजेक्शन लावायचं हे सहा महिन्यांनंतरच्या दुर्बिणीवर ठरतं. ती दुर्बीण आमच्याकडे निम्मे लोक करतच नाहीत, कारण तोवर वजन वाढलेलं असतं, पोरगा शेतात जात असतो, आणि धडधाकट माणसाला नागपूरला न्यायला कोण तयार होतं? टाके काढायला जाल त्याच दिवशी तिची तारीख कार्डावर लिहून घ्या.